नॉरॲड्रेनलीन जातं कुठे? ज्युलियस ॲक्सेलरॉड यांच्या संशोधनातलं एक प्रकरण

भूल दिलेल्या मांजराच्या शिरेत नॉरॲड्रेनलीनचा छोटा डोस सोडला की रक्तदाब झपाट्याने चढतो आणि काही मिनिटांत उतरून पहिल्या पातळीला येतो. चढ का येतो, हे १९५०च्या दशकापर्यंत बरंच उलगडलं होतं. अनुकंपी (सिम्पथेटिक) मज्जातंतू, म्हणजे हृदय, रक्तवाहिन्या अशा अवयवांचं काम आपोआप सांभाळणारे तंतू, आपल्या टोकांतून हेच रसायन सोडतात, हे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ साली दाखवलं होतं. उतार का येतो याचं उत्तर मात्र बहुतेकांनी गृहीत धरलं होतं. समोर ॲसिटिलकोलीन या मज्जातंतूंच्या दुसऱ्या रसायनाचं उदाहरण होतं. कोलिनएस्टरेज हे एन्झाइम त्या रेणूचे क्षणार्धात दोन तुकडे करतं आणि एन्झाइम अडवलं की परिणाम लांबतो. तेव्हा नॉरॲड्रेनलीनलाही असंच कुठलं तरी एन्झाइम संपवत असणार, ते शोधून काढलं की झालं, अशी समजूत होती.

ही समजूत कशी तपासली गेली आणि कुठे तुटली, ते इथे पाहायचं आहे. १९५७ ते १९६४ एवढाच याचा काळ. ज्यांनी ते एन्झाइम शोधलं, त्यांनीच पुढच्या चार वर्षांत ते एन्झाइम या प्रश्नाचं उत्तर नाही हे सिद्ध केलं. प्रयोगशास्त्र शिकणाऱ्याने हे प्रकरण टप्प्याटप्प्याने वाचावं असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण इथला प्रत्येक टप्पा आदल्या टप्प्यात उरलेल्या अडचणीतून निघाला आहे.

आधीची तालीम

अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ ॲक्सेलरॉड १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मले. १९३३मध्ये तिथल्या सिटी कॉलेजातून पदवी घेतली. वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला. मग १९३५पासून खाद्यपदार्थांत मिसळलेली जीवनसत्त्वं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्यांनी दशकभर काम केलं. तिथेच अमोनियाची बाटली फुटून त्यांचा डावा डोळा गेला. मात्र मोजणीच्या पद्धती गरजेप्रमाणे बदलून घ्यायची सवय याच कामात लागली आणि ती पुढे जन्मभर उपयोगी पडली.

१९४६मध्ये ते गोल्डवॉटर मेमोरियल हॉस्पिटलात बर्नार्ड ब्रोडी यांच्याकडे आले. तिथला प्रश्न ॲसिटॅनिलाइडचा होता. या वेदनाशामकाच्या जास्त वापराने काही रुग्णांच्या रक्तात मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन) का वाढतं, हे शोधायचं होतं. रेणूकडे पाहता त्यातून ॲनिलीन सुटत असेल असा संशय येतो. दोघांनी रक्तातलं आणि लघवीतलं ॲनिलीन मोजायची पद्धत बसवली. ॲनिलीन सापडलं, पण फार थोडं. मग उरलेला डोस गेला कुठे? तो शोधताना मुख्य रूपांतर हाती लागलं: एन-ॲसिटिल-पॅरा-ॲमिनोफिनॉल. वेदना कमी करणारा रेणू प्रत्यक्षात हाच होता. १९४८मध्ये हे काम छापलं गेलं. हाच रेणू आज पॅरासिटामॉल म्हणून घराघरात आहे.

दिलेल्या डोसचा हिशेब लागेपर्यंत थांबायचं नाही, हा पुढच्या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे तयार झालेला दिसतो. त्यानंतर ते राष्ट्रीय हृदयसंस्थेत गेले. यकृताच्या पेशींतल्या मायक्रोसोममधली औषधं मोडणारी एन्झाइमं त्यांनी तिथे शोधली. १९५५मध्ये, त्रेचाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांना जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाची पीएचडी मिळाली. त्याच सुमारास ते बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत रुजू झाले.

एन्झाइम सापडलं

या संस्थेत पहिला प्रयत्न फसला. ॲड्रेनलीनपासून शरीरात ॲड्रेनोक्रोम तयार होतं आणि त्यातून स्किझोफ्रेनिया होतो, असा एक दावा तेव्हा चर्चेत होता. हे रूपांतर घडवणारं एन्झाइम ॲक्सेलरॉड यांनी काही महिने शोधलं. ते मिळालं नाही. इथे कुणीही अडकू शकतो, कारण ॲड्रेनलीनचं द्रावण नुसतं हवेत, अल्कधर्मी बफरात ठेवलं तरी गुलाबी होतं. त्यासाठी एन्झाइम लागतच नाही. म्हणून कॅटेकोलच्या, म्हणजे ॲड्रेनलीनसारख्या कड्यावर शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असलेल्या रेणूंच्या, कुठल्याही प्रयोगात उकळून निकामी केलेल्या एन्झाइमची नळी शेजारी ठेवावीच लागते. नाही तर आपोआप होणारं ऑक्सिडेशन एन्झाइमच्या नावावर जमा होतं.

मार्च १९५७मध्ये आर्मस्ट्राँग आणि मॅकमिलन यांचा एक छोटा सारांश छापून आला. फिओक्रोमोसायटोमा या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीच्या रुग्णांच्या लघवीत त्यांना ३-मेथॉक्सी-४-हायड्रॉक्सीमँडेलिक आम्ल भरपूर प्रमाणात सापडलं होतं. ॲक्सेलरॉड यांचं लक्ष ‘मेथॉक्सी’वर थांबलं. ॲड्रेनलीनच्या कड्याला शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात आणि इथे त्यांतल्या एकावर मेथिल गट बसलेला होता. तो कुणीतरी आणून बसवला असणार. शरीरात मेथिल गट पुरवणारा रेणू एस-ॲडेनोसिलमेथिओनीन आहे, हे कँटोनी यांनी काही वर्षांपूर्वीच दाखवलं होतं आणि ते याच संस्थेत काम करत होते.

त्याच दुपारी प्रयोग लागला. उंदराच्या यकृताचा अर्क, ॲड्रेनलीन, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू), मेथिओनीन हे अमिनो आम्ल आणि मॅग्नेशियम एकत्र केले. एटीपी आणि मेथिओनीन एकत्र दिले की यकृत स्वतःच एस-ॲडेनोसिलमेथिओनीन बनवतं, म्हणून ते बाहेरून घालायची गरज नव्हती. ॲड्रेनलीन भराभर नाहीसं झालं. दोन्हींपैकी एक वगळलं तर ते जागच्या जागी राहिलं. एका घटकाच्या असण्या-नसण्यावर अख्खा निकाल फिरतो, असा प्रयोग क्वचितच मिळतो. नंतर तयार एस-ॲडेनोसिलमेथिओनीन वापरूनही तेच घडलं. बर्नहार्ड विटकॉप आणि सेनो यांनी संभाव्य उत्पादन रासायनिक मार्गाने बनवून दिलं आणि नळीतला पदार्थ त्याच्याशी जुळला. तो मेटानेफ्रीन होता. नॉरॲड्रेनलीनपासून याच रीतीने नॉरमेटानेफ्रीन तयार होतं. एन्झाइमचं नाव कॅटेकोल-ओ-मेथिलट्रान्सफरेज, थोडक्यात सीओएमटी.

या एन्झाइमच्या मोजणीची नंतर रूढ झालेली रीत सोपी आणि भक्कम आहे. मेथिल गटावर कार्बन-१४ची खूण असलेलं एस-ॲडेनोसिलमेथिओनीन, एखादं कॅटेकोल, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पीएच ७.९च्या आसपासचा फॉस्फेट बफर घेऊन मिश्रण ३७ अंशांवर ठेवायचं. वेळ संपली की पीएच १०चा बोरेट बफर घालायचा. याने दोन कामं होतात. न वापरलेलं कॅटेकोल बोरेट धरून ठेवतं आणि मेथिल लागलेल्या अमाइनवरचा विद्युतभार बराचसा जातो. मग टोल्युइन आणि आयसोॲमिल अल्कोहोल यांचं ३:२ मिश्रण घालून हलवलं की उत्पादन वरच्या थरात येतं. एस-ॲडेनोसिलमेथिओनीनवर कायमचा धनभार असल्याने ते पाण्यातच राहतं. मॅग्नेशियम विसरलं तर क्रिया जवळजवळ होतच नाही. अर्कात ईडीटीए जास्त राहिलं तरी हाच अनुभव येतो, कारण ते मॅग्नेशियम बांधून टाकतं.

हिशेब जुळेना

आता दोन एन्झाइमं हाताशी होती. मोनोअमाइन ऑक्सिडेज, म्हणजे एमएओ, आधीपासून माहीत होतं आणि सीओएमटी नवं होतं. मज्जातंतूने सोडलेलं नॉरॲड्रेनलीन या दोघांपैकी कुणीतरी संपवत असणार असं म्हणायचं, तर चाचणी उघड होती. एन्झाइम अडवा आणि परिणाम किती लांबतो ते पाहा.

एमएओ अडवायला इप्रोनियाझिड होतं, सीओएमटी अडवायला पायरोगॅलॉल. १९६१मध्ये क्राउट यांनी दोन्ही एन्झाइमं एकाच वेळी अडवून नॉरॲड्रेनलीनला रक्ताभिसरण कसा प्रतिसाद देतं ते पाहिलं. परिणाम तरीही ओसरला. कोलिनएस्टरेज अडवल्यावर ॲसिटिलकोलीनचा परिणाम जसा ताणला जातो, तसं काहीच इथे दिसलं नाही.

इथे सुटकेचे रस्ते होते. एन्झाइम पुरतं अडलं नसेल किंवा तिसरं एखादं एन्झाइम असेल, असं म्हणता आलं असतं. पायरोगॅलॉलचा असर थोडा वेळच टिकतो, त्यामुळे पहिली शंका अगदीच पोकळ नव्हती. ॲक्सेलरॉड यांनी मात्र तोवर पुन्हा जुना प्रश्न विचारायला घेतला होता: दिलेला डोस नेमका आहे कुठे?

ट्रिटियम

हा प्रश्न आधी विचारता आला नव्हता, कारण मोजणी जमत नव्हती. रासायनिक पद्धतीने दिसावं म्हणून इतका मोठा डोस द्यावा लागे की प्राण्याचं रक्ताभिसरणच बिघडे, आणि ऊतींतलं मूळचं नॉरॲड्रेनलीन त्यात मिसळलेलं असे ते वेगळंच. सीमोर केटी यांनी मानसिक रुग्णांच्या अभ्यासासाठी न्यू इंग्लंड न्यूक्लियर या कंपनीकडून ट्रिटियमची (हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपाची) खूण असलेलं ॲड्रेनलीन आणि पुढे नॉरॲड्रेनलीन बनवून घेतलं. त्याची किरणोत्सारी तीव्रता भरपूर असल्याने अगदी थोडा, शरीराला सोसेल असा डोस पुरत होता.

ट्रिटियम रेणूत कुठे बसवलाय याला फार महत्त्व आहे. तो सातव्या कार्बनवर होता, म्हणजे कड्याला लागून असलेल्या बाजूच्या साखळीतल्या पहिल्या कार्बनवर. एमएओ त्याच्या पुढच्या कार्बनवर घाव घालतं आणि सीओएमटी कड्यावरच्या हायड्रॉक्सिलवर. दोन्ही क्रियांत खूण शाबूत राहते. त्यामुळे कुठलंही रूपांतर हिशेबातून निसटत नाही. याचीच दुसरी बाजू अशी की ऊतीत किरणोत्सार दिसला म्हणजे नॉरॲड्रेनलीन दिसलं असं होत नाही, ते त्याचं मोडलेलं रूपही असू शकतं. म्हणून विलगीकरणाशिवाय आकडा निरर्थक ठरतो.

हे विलगीकरण ॲल्युमिनावर होतं. ऊती बर्फावर ठेवून थंड परक्लोरिक आम्लात वाटायची, म्हणजे एन्झाइमं तिथल्या तिथे थांबतात आणि प्रथिनं खाली बसतात. वरच्या द्रावणात ॲल्युमिना घालून पीएच ८.४च्या आसपास आणायचा. या पीएचला शेजारी शेजारी असलेले दोन हायड्रॉक्सिल गट ॲल्युमिनाला घट्ट धरतात. नॉरमेटानेफ्रीनचा एक गट मेथिलने झाकलेला असल्याने ते धुऊन जातं. पाण्याने नीट धुऊन झाल्यावर सौम्य आम्ल घातलं की कॅटेकोल सुटून बाहेर येतात. पीएच वाढवतानाचे दोन-तीन मिनिटं सगळ्यात धोक्याचे असतात. अल्कधर्मी द्रावणात कॅटेकोल हवेने खराब होतात, म्हणून ईडीटीए आणि मेटाबायसल्फाइट आधी घालायचं, अल्कली थेंबाथेंबाने सोडायची आणि हलवणं थांबवायचं नाही. एका कोपऱ्यात जरी पीएच ९च्या वर गेला तरी नमुन्याला रंग येतो आणि उतारा घसरतो. किती माल परत मिळाला हे कळावं म्हणून माहीत असलेलं प्रमाण वेगळ्या नळीत घालून तीही सोबत चालवायची.

मोजणीचेही स्वतःचे पेच आहेत. ट्रिटियमच्या बीटा कणांची कमाल ऊर्जा १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यामुळे पाण्यात ते सहा-एक मायक्रोमीटरच्या पुढे जात नाहीत. बाहेर काउंटर धरून काही दिसत नाही. नमुना सिंटिलेशन द्रवातच, म्हणजे बीटा कणांनी चमकणाऱ्या द्रवातच, मिसळावा लागतो, आणि त्यात आम्ल किंवा रंग उरला असेल तर प्रकाश विझतो, आकडा खोटा कमी येतो. प्रत्येक बाटलीची कार्यक्षमता अंतर्गत मानक घालून तपासणं हाच त्यावर उपाय.

निकालाने सगळ्यांचं लक्ष वेधलं. रक्तदाब केव्हाच उतरलेला होता, पण डोसाचा मोठा भाग न मोडता, जसाच्या तसा, तासन्‌तास ऊतींत बसून होता. तोही सगळीकडे सारखा नव्हता. हृदय आणि प्लीहा यांसारख्या, अनुकंपी मज्जातंतूंचं जाळं दाट असलेल्या अवयवांत तो जास्त होता. मेंदूत जवळजवळ नव्हता, कारण रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर तो ओलांडत नाही.

एका मांजराच्या दोन बाजू

तो मज्जातंतूंत जातो की त्या अवयवांच्या इतर पेशींत, हे या वाटणीवरून ठरत नाही. व्हिएन्नाहून आलेले गेओर्ग हेर्टिंग आणि ॲक्सेलरॉड यांनी रचलेला प्रयोग या प्रकरणातला सगळ्यात सुंदर भाग आहे.

मानेत वर, दोन्ही बाजूंना, अनुकंपी चेतापेशींची एकेक गाठ असते. उजवी गाठ उजव्या लाळग्रंथीला आणि उजव्या डोळ्याच्या स्नायूंना तंतू पुरवते, डावी डाव्या. मांजराची एकाच बाजूची गाठ काढली आणि आठवडाभर थांबले. मग शिरेतून ट्रिटियमयुक्त नॉरॲड्रेनलीन दिलं आणि दोन्ही बाजूंच्या ग्रंथी आणि स्नायू वेगवेगळे तपासले. तंतू शाबूत असलेल्या बाजूला नॉरॲड्रेनलीन भरपूर होतं. दुसऱ्या बाजूला फारच थोडं.

रचनेतली ताकद अशी की तुलना एकाच प्राण्यात होते. रक्त तेच, डोस तोच, यकृत आणि मूत्रपिंडं तीच, फरक फक्त तंतूंचा. मधला आठवडाही तितकाच मोलाचा. गाठ काढल्या काढल्या प्रयोग केला तर अवयवातली तंतूंची टोकं अजून जिवंत असतात आणि शोषण करतच राहतात, दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात आणि निष्कर्ष नेमका उलटा निघतो. टोकं झिजून नाहीशी व्हायला दिवस लागतात. ‘रक्तपुरवठा घटला असेल’ या आक्षेपालाही इथे जागा कमीच, कारण अनुकंपी तंतू तोडले की रक्तवाहिन्या रुंदावतात.

आता एक जुनं कोडंही सुटलं. तंतू तोडलेला अवयव नॉरॲड्रेनलीनला जास्त संवेदनशील होतो, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञांना दशकांपासून माहीत होतं. रेणू उचलून नेणारी टोकंच नसतील, तर तो ग्राहकाजवळ (रेणू जिथे बसून परिणाम घडवतो त्या प्रथिनाजवळ) रेंगाळणारच.

शोषलेला माल कामी येतो का, तेही पाहिलं गेलं. मांजराच्या प्लीहेत ट्रिटियमयुक्त नॉरॲड्रेनलीन भरू दिलं आणि प्लीहेच्या मज्जातंतूला विजेने चेतवलं. शिरेतून बाहेर येणाऱ्या रक्तात किरणोत्सारी नॉरॲड्रेनलीन वाढलं. म्हणजे टोक रेणू परत घेतं, साठवतं आणि पुन्हा सोडतं.

औषधांची साक्ष

कोकेनने ॲड्रेनलीनचा परिणाम वाढतो हे फ्रोलिश आणि लोवी यांनी १९१०मध्येच नोंदवलं होतं. अर्धशतक त्याचा पक्का खुलासा नव्हता. १९६०मध्ये व्हिटबी, हेर्टिंग आणि ॲक्सेलरॉड यांनी मांजरांना आधी कोकेन आणि मग खूण केलेलं नॉरॲड्रेनलीन दिलं. ऊतींत ते कमी गेलं, रक्तात जास्त उरलं. पुढच्या वर्षी इमिप्रामीनचंही तसंच दिसलं. रोलांड कून यांनी १९५७मध्ये नैराश्यावर प्रभावी म्हणून पुढे आणलेलं हे औषध कसं काम करतं, याचा हा पहिला ठोस धागा होता.

पण हे सगळं मेंदूबाहेर घडत होतं. शिरेतून दिलेलं नॉरॲड्रेनलीन मेंदूत जात नाही, ही अडचण झाक ग्लोविन्स्की यांनी थेट मार्गाने सोडवली. त्यांनी ते उंदराच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीत टोचलं. १९६४मध्ये त्यांनी आणि ॲक्सेलरॉड यांनी इमिप्रामीन आणि त्याच्या जवळच्या रेणूंची तुलना छापली. नैराश्यावर उपयोगी ठरलेल्या रेणूंनी मेंदूतलं शोषण अडवलं, रचनेने जवळचे पण उपचारात निरुपयोगी ठरलेल्या रेणूंनी अडवलं नाही. उपचारातला अनुभव आणि चेतासंधीवरची (मज्जातंतूचं टोक पुढच्या पेशीला भेटतं त्या जागेवरची) क्रिया अशी एका प्रयोगात समोरासमोर आली.

तरी यातून काय सिद्ध होत नाही, तेही स्पष्ट म्हणायला हवं. शोषण काही तासांत अडतं, रुग्णाला बरं वाटायला आठवडे लागतात. शोषण अडणं म्हणजेच नैराश्य जाणं, असं समीकरण मांडणं चूक आहे. पुढच्या संशोधकांना या अंतरानेच कामाला लावलं.

सुरुवातीच्या मांडणीतली एक गुंतागुंतही पुढे सुटी झाली. ‘शोषण’ म्हणताना दोन पायऱ्या एकत्र मोजल्या जात होत्या: बाहेरून टोकाच्या आत येणं आणि आतल्या पुटिकांत (साठवणीच्या सूक्ष्म पिशव्यांत) साठणं. कोकेन आणि इमिप्रामीन पहिली पायरी अडवतात, रिसर्पिन हे औषध दुसरी. रिसर्पिन दिल्यावर रेणू आत येतो, पण पुटिकेत जागा न मिळाल्याने एमएओच्या तावडीत सापडतो. ऊतीतला एकूण आकडा दोन्ही वेळा खालीच येतो, त्यामुळे तेवढ्यावरून औषध कुठल्या पायरीवर बसलंय ते सांगता येत नाही. मोडलेल्या रूपांचं प्रमाण पाहिलं तरच उलगडतं. लेस्ली आयव्हर्सन यांनी उंदराच्या वेगळ्या काढलेल्या हृदयावर या शोषणाची गती मोजली आणि मज्जातंतूंबाहेरच्या पेशींचा दुसरा, वेगळा मार्गही दाखवला. माणसातला वाहक प्रथिनाचा रेणू १९९१मध्ये पाचोल्चिक, ब्लेकली आणि अमारा यांनी जनुकातून ओळखला.

१९७०चं नोबेल पारितोषिक ॲक्सेलरॉड, फॉन ऑयलर आणि बर्नार्ड कात्झ यांना मिळून देण्यात आलं.

दोन्ही शोध एका नळीत

सीओएमटी चेतासंधीवरचा मुख्य झाडूवाला ठरलं नाही, म्हणून तो शोध वाया गेला असं मुळीच नाही. ज्या गाठीच्या रुग्णांवरून तो सुरू झाला, त्यांच्याकडेच तो परत गेला. फिओक्रोमोसायटोमाच्या पेशींत सीओएमटी असतं आणि ते आत झिरपलेल्या कॅटेकोलअमाइनचं मेटानेफ्रीन सतत बनवत राहतं. गाठ ॲड्रेनलीन झटक्याझटक्याने सोडते, त्यामुळे दोन झटक्यांच्या मध्ये रक्त घेतलं तर ते हुकू शकतं. मेटानेफ्रीन हुकत नाही. म्हणून आज निदानासाठी रक्तातलं किंवा चोवीस तासांच्या लघवीतलं मेटानेफ्रीन आणि नॉरमेटानेफ्रीन मोजतात. रक्त घेण्याआधी रुग्णाला वीस ते तीस मिनिटं उताणं झोपवून ठेवतात, कारण नुसतं बसल्यानेही अनुकंपी तंतू जागे होतात आणि नॉरमेटानेफ्रीन वाढतं.

आणि रक्त काढण्याआधी रुग्णाला विचारायचा एक प्रश्न आहे: नैराश्यासाठी किंवा जुन्या दुखण्यासाठी इमिप्रामीनच्या कुळातली गोळी चालू आहे का? चालू असेल तर टोकं नॉरॲड्रेनलीन परत घेऊ शकत नाहीत, ते बाहेर पसरतं, टोकांबाहेरच्या पेशींतलं सीओएमटी त्याचं नॉरमेटानेफ्रीन करतं आणि गाठ नसताना अहवाल वाढीव येतो. अशा वेळी मूळ डॉक्टरांशी बोलून गोळी हळूहळू कमी करत थांबवतात आणि मगच चाचणी पुन्हा करतात.